मोठ्या वर्गात शिकवणे : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

एका शिक्षकासमोर किती मुले असावीत, हा प्रश्न आजच्या शिक्षणखात्यांनी निर्माण केलेला नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात त्याचे नेमके उत्तर दिलेले आहे : एका शिक्षकाकडे २५ मुले असावीत, ५० झाल्यास दोन शिक्षक नेमावेत, आणि ४० असतील तर शिक्षकाला एक मदतनीस द्यावा, ज्याच्या खर्चाला गावाने हातभार लावावा. या नियमातला मदतनीस मला विशेष लक्षणीय वाटतो. पट वाढला तरी दुसरा शिक्षक परवडत नाही, अशा मधल्या अवस्थेत काय करायचे, याचा विचार त्या काळीही झाला होता आणि त्यापुढच्या जवळजवळ प्रत्येक शिक्षणपद्धतीला तो करावा लागला. शिक्षक ज्या क्षणी एखाद्या मुलाजवळ नसतो, त्या क्षणी ते मूल काय करत असते, हा मोठ्या वर्गाचा खरा प्रश्न आहे, आणि पुढचा इतिहास याच प्रश्नाच्या आधाराने वाचणे उपयोगी ठरते.

मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांनी याचे उत्तर वाचनात शोधले. इंग्रजीतील ‘लेक्चर’ हा शब्द लॅटिनमधील ‘वाचणे’ या क्रियापदापासून आला आहे, आणि सुरुवातीला त्याचा अर्थही तेवढाच होता : हस्तलिखित ग्रंथ दुर्मीळ आणि महाग असल्याने अध्यापक ग्रंथ वाचून त्यावर भाष्य करी आणि विद्यार्थी ऐकत व टिपून घेत. मात्र त्याच विद्यापीठांत वादसभांनाही मोठे स्थान होते. एखादा प्रश्न मांडला जाई, विद्यार्थी त्याच्या बाजूने व विरुद्ध युक्तिवाद करीत आणि शेवटी अध्यापक निर्णय देई. छपाईमुळे ग्रंथ सुलभ झाल्यावर वाचून दाखवण्याची गरज ओसरायला हवी होती. प्रत्यक्षात व्याख्यान टिकले आणि वादसभा मागे पडल्या, ही या इतिहासातील मोठी हानी होय.

प्राथमिक शिक्षणाची स्थिती वेगळी होती. सतराव्या शतकापर्यंत बहुतेक शाळांत सर्व वयांची मुले एकाच खोलीत बसत, एकेक मूल शिक्षकापुढे जाऊन धडा म्हणून दाखवी, आणि बाकीची मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत. दिवसातील बहुतांश वेळ अशा प्रकारे वाया जात असे. त्यामुळे फ्रान्समध्ये ला साल या धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या धर्मबंधूंच्या शाळांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सगळ्यांना एकाच वेळी एकच धडा शिकवण्याची रीत रूढ केली, तेव्हा ती निश्चितच सुधारणा होती. सामुदायिक अध्यापनाला आज आपण यांत्रिक म्हणतो, पण त्याच्या आधीचे अध्यापन व्यक्तिगत असले तरी ते फार थोड्यांच्या वाट्याला येत होते, हे विसरून चालणार नाही.

या विचाराला सर्वांत धीट रूप दिले ते मोराव्हियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञांनी. १६५७ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाक्तिका मॅग्ना’ या ग्रंथात त्यांनी असा दावा केला की एक शिक्षक शेकडो मुलांना एकाच वेळी शिकवू शकतो. एवढेच नव्हे, तर तसे शिकवणे शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांच्याही हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाने उंच जागी उभे राहून सूर्याप्रमाणे सर्वांवर प्रकाश टाकावा, वर्गाचे दहा-दहांचे गट करावेत आणि प्रत्येक गटावर एक प्रमुख नेमावा, अशी त्यांची योजना होती. शिक्षणाची तुलना त्यांनी छपाईशी केली आणि तिच्यात विद्यार्थ्याला कागदाची जागा दिली. सर्वांना शिक्षण मिळावे ही त्यांची तळमळ खरी होती. तरीही त्या उपमेतला कागद स्वतः काहीच करत नाही, आणि गटप्रमुखाचे कामही देखरेख व पाठांतर तपासण्यापुरतेच राहते.

ही योजना प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर आली ती दीडशे वर्षांनी, आणि तिच्या उगमापैकी एक धागा मद्रासमधला आहे. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून तेथील सैनिकांच्या मुलांच्या अनाथालयाचे काम पाहत होते. एका स्थानिक शाळेत मुले बोटाने वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. शिक्षकांनी साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी थोडे शिकलेल्या एका मुलाकडे लहान मुलांचा वर्ग सोपवला, आणि प्रयोग यशस्वी झाला. त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची स्वतःची पद्धत बसवली.

लँकेस्टर यांच्या व्यवस्थेत एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले शिकू शकत, आणि ही संख्या हजारापर्यंत नेता येईल असे सांगितले जाई. शिक्षक धडा वर्गनायकांना शिकवी आणि वर्गनायक तो आपापल्या लहान तुकडीला शिकवीत. प्रत्येक मुलाला पुस्तक देण्याऐवजी पाने मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावली जात आणि मुले अर्धवर्तुळात उभी राहून वाचत. कागदाची बचत व्हावी म्हणून पाट्या वापरल्या जात. खर्च अत्यल्प असल्याने ही पद्धत युरोप, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतही झपाट्याने पसरली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तितक्याच वेगाने मागे पडली. घोकंपट्टी, यांत्रिक शिस्त आणि मुलांना सर्वांसमक्ष लाजवणाऱ्या शिक्षा हे तिच्यावरचे आक्षेप रास्त होते. पण त्यांच्याबरोबर एक सोयीस्कर निष्कर्षही काढला गेला, की मुलांनी मुलांना शिकवणे ही मुळातच गरिबांसाठीची तडजोड आहे. माझ्या मते दोष तिथे नव्हता. वर्गनायकाच्या हाती दिलेला धडा फक्त म्हणून घेण्याजोगा होता, समजावून सांगण्याजोगा नव्हता, आणि म्हणून त्यातून पाठांतराखेरीज काही निष्पन्न होणे शक्यच नव्हते.

त्यानंतर ग्लासगोच्या डेव्हिड स्टो यांनी पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर बसलेल्या मुलांना प्रशिक्षित शिक्षकाने एकत्र शिकवण्याचा पुरस्कार केला. शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडावे आणि वर्गाने ते एकसुरात पूर्ण करावे, हे त्यांचे तंत्र आजही अनेक वर्गांत ऐकू येते. इंग्लंडमध्ये १८४६ पासून तेरा वर्षांवरील होतकरू मुलांना पाच वर्षे शिकाऊ शिक्षक म्हणून घेण्याची सरकारी योजना आली. अमेरिकेत १८४७ च्या सुमारास बॉस्टनच्या क्विन्सी शाळेने प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र खोली व स्वतंत्र शिक्षक दिला, आणि दरम्यान फळा सर्वत्र पोहोचला. आजच्या वर्गाचा साचा या काही दशकांत घडला : एका वयाची मुले, एक शिक्षक, समोर फळा आणि सर्वांची तोंडे एकाच दिशेला.

विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, उच्च शिक्षणाचा विस्तार झाला आणि शेकडो आसनांची व्याख्यानगृहे उभी राहिली. शाळांतील पटाबाबत अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे. तेथे मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १३ ते १७ आणि २२ ते २६ पटाच्या वर्गांत विभागले गेले, आणि लहान वर्गांतील मुलांची प्रगती अधिक आढळली. लहान वर्ग चांगला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बऱ्याच ठिकाणी तो उपलब्ध नसतो, आणि म्हणून मोठ्या वर्गात नेमके काय घडते याचा अभ्यास करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये दाखवले की बेशिस्त झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही. सगळीकडे आपले लक्ष आहे हे मुलांना जाणवू देणे आणि कामात खंड पडू न देणे अधिक परिणामकारक ठरते. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी याच दशकात मोजले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांबतात आणि बोलणारी मुलेही वाढतात.

महाविद्यालयांत बदलाची सुरुवात अडचणीतून झाली. ओक्लाहोमा विद्यापीठातील लॅरी मायकेलसन यांच्या वर्गाचा पट १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४० वरून १२० वर गेला. चर्चा सोडून व्याख्यानाकडे वळण्याऐवजी त्यांनी वर्गाचे कायमस्वरूपी गट केले आणि वर्गातील वेळ गटांनी प्रश्न सोडवण्यासाठी राखला. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांचा अनुभव अधिक बोलका आहे. त्यांची व्याख्याने लोकप्रिय होती आणि विद्यार्थी अवघड गणितेही सोडवीत, पण न्यूटनच्या नियमांवरील साध्या, शब्दांतल्या प्रश्नांत तेच विद्यार्थी अडखळले. उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे, असे एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले. १९९१ पासून त्यांनी थोडे स्पष्टीकरण देऊन एक संकल्पनात्मक प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचे. ज्याला ती गोष्ट नुकतीच समजली आहे त्याला ती न समजण्यातली अडचणही आठवत असते, आणि ही जवळीक अध्यापकापाशी उरलेली नसते. बेल यांच्या वाळूतल्या धड्याशी याचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की इथे शेजाऱ्यांमध्ये पाठांतराऐवजी कारणांची देवघेव होते.

पुरावाही जमत गेला. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांची तुलना केली, तेव्हा जिथे विद्यार्थी वर्गात सक्रिय होते तिथली संकल्पनांच्या आकलनातील वाढ पारंपरिक वर्गांच्या सुमारे दुप्पट आढळली. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात नापासांचे प्रमाण व्याख्यानवर्गांत सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के होते. लाभ सर्व आकारांच्या वर्गांत दिसला, पण पन्नास किंवा त्याहून कमी पटाच्या वर्गांत तो अधिक होता. म्हणजे पद्धत सुधारली तरी पटसंख्येचा प्रश्न संपत नाही.

हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून, ही पद्धत सिद्ध होऊनही वर्गात सहज का रुजत नाही, याचे एक कारण कळते. सक्रिय वर्गातील विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना स्वतःला वाटत होते. ओघवत्या व्याख्यानाने समजल्याचा भास होतो, तर स्वतः विचार करताना होणारी ओढाताण न समजल्यासारखी वाटते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच हा फरक विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावा, अशी सूचना त्या संशोधकांनी केली आहे.