स्वयंचलित फोन मेनू : स्मार्टफोनवरील सुलभ वापर

फोन लावल्यावर माणसाऐवजी ध्वनिमुद्रित आवाज पर्याय सांगतो आणि फोन करणारा कळ दाबून किंवा बोलून उत्तर देतो, अशा यंत्रणेला स्वयंचलित फोन मेनू किंवा आयव्हीआर म्हणतात. वीज, बँक, गॅस, रेल्वे आणि मोबाइल कंपन्यांच्या मदत क्रमांकांवर ती सर्रास आढळते. कोल्हापूर जिल्ह्यात तिच्याशी सर्वाधिक गाठ पडते ती वीज गेल्यावर. ही नोंद स्मार्टफोनवरून असे मेनू कमी त्रासात पार करण्याच्या उपायांविषयी आहे.

या मेनूंचा पाया टेबलावरच्या फोनचा आहे. अमेरिकेत 18 नोव्हेंबर 1963 रोजी बेल कंपनीने कळा दाबून नंबर फिरवण्याची सेवा ग्राहकांसाठी सुरू केली. प्रत्येक कळ दोन सुरांची जोडी वाजवते. उदाहरणार्थ, 1 ही कळ 697 आणि 1209 हर्ट्झचे सूर एकत्र पाठवते, आणि पलीकडचे यंत्र त्या जोडीवरून आकडा ओळखते. मोबाइलमध्ये आवाज दाबून लहान केला जात असल्याने हे सूर बिघडू शकतात. म्हणून कळ दाबल्याची खबर वेगळ्या संदेशाने जाते आणि गरज असेल तिथे सूर नेटवर्क तयार करते.

टेबलावरच्या फोनमध्ये ऐकण्याचा भाग कानाला असे आणि कळा समोर. स्मार्टफोनमध्ये दोन्ही एकाच वस्तूत आले, आणि खरी अडचण इथेच आहे. फोन कानाला लावला की सेन्सर पडदा बंद करतो. ‘तक्रारीसाठी 3 दाबा’ ऐकू आल्यावर फोन खाली घ्यायचा, पडदा उजळायची वाट पाहायची, कीपॅडचे बटण शोधायचे आणि मग आकडा दाबायचा. तोवर वेळ संपून मेनू पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चष्मा शोधणाऱ्या आजोबांची किंवा मोटरीपाशी ओल्या हातांनी उभ्या असलेल्या शेतकऱ्याची यात चूक काहीच नाही. फोन लागताच कीपॅड उघडून ठेवणे आणि स्पीकर किंवा इअरफोन वापरणे हा पहिला उपाय. महाद्वार रोडवरच्या गर्दीत स्पीकरवरून खात्याची माहिती चारचौघांना ऐकू जाते, म्हणून बँकेच्या कामाला इअरफोनच बरा. बहुतेक मेनूंत आवाज पूर्ण होण्याआधीच आकडा दाबलेला चालतो. मात्र 0 दाबले की माणूस मिळतो किंवा 9 दाबले की मेनू पुन्हा ऐकू येतो, हा रिवाज आहे, सगळीकडचा नियम नव्हे.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहीत असलेली सोय म्हणजे नंबरासोबत वाटही सेव्ह करणे. संपर्क यादीत नंबरापुढे स्वल्पविराम टाकला की फोन सुमारे दोन सेकंद थांबतो आणि पुढचा आकडा आपोआप पाठवतो. अर्धविराम टाकला तर फोन थांबून विचारतो, आणि आपण होकार दिल्यावरच पुढचे आकडे जातात. आयफोनच्या डायलरवर तारांकन कळ दाबून धरली की स्वल्पविराम येतो आणि हॅश दाबून धरली की अर्धविराम. अँड्रॉइडवर हेच पर्याय बहुधा डायलरच्या किंवा संपर्काच्या मेनूत असतात. भाषेसाठी 1 आणि तक्रारीसाठी 3 दाबावे लागत असेल, तर नंबरापुढे दोन-तीन स्वल्पविराम, 1, पुन्हा स्वल्पविराम, 3 असे लिहायचे. किती विराम लागतील हे एकदा लावून पाहिल्यावरच ठरते. महावितरणचा ग्राहक क्रमांक 12 आकडी असतो. तो अर्धविरामापुढे ठेवला की काळोखात बिल शोधत बसावे लागत नाही. घरातल्या जाणत्या मुलाने किंवा मुलीने आजीच्या फोनवर ‘लाईट तक्रार’ या नावाने हे एकदा करून द्यावे, इतके ते सोपे आहे. पिन, कार्ड क्रमांक किंवा पासवर्ड मात्र असे कधीही ठेवू नये, कारण संपर्क यादी इतर ॲप वाचू शकतात आणि तिची प्रत इंटरनेटवरही जाते. कंपनीने मेनूचा क्रम बदलला की साठवलेली वाट चुकते. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर ती तपासून घ्यावी.

दुसरा मार्ग मेनूच टाळण्याचा. महावितरणने वीज गेल्याच्या तक्रारीसाठी नोंदणीकृत मोबाइलवरून मिस्ड कॉल आणि एसएमएस या सोयी दिल्या आहेत, शिवाय ॲपही आहे. नंबर ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल तरच त्यांचा उपयोग होतो, आणि भाड्याच्या घरात बरेचदा तो जुन्या मालकाचाच राहिलेला असतो. 2019 आणि 2021 च्या पंचगंगेच्या महापुरांनंतर शिरोळ, करवीर भागात नंबर जोडून घेण्याचे हे काम मनावर घेण्याजोगे आहे. वीज नसताना फोनची बॅटरी जपावी लागते आणि लांबलचक मेनू तीच खातो. जिवावरच्या प्रसंगी मेनूच्या वाटेला न जाता 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लावावा.

मोबाइल कंपन्यांच्या मदत क्रमांकांसाठी दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, 2012 च्या नियमांत मेनूची रचनाच घालून दिली: आधी भाषेची निवड, मग तक्रारींचे ढोबळ प्रकार, आणि तिसऱ्या पायरीवर प्रतिनिधीशी बोलण्याचा पर्याय. माणसापर्यंतची वाट तीन पायऱ्यांपेक्षा लांब नको, ही अपेक्षा इतर क्षेत्रांनीही स्वीकारायला हवी.

आवाजाचा प्रश्न कोल्हापुरात जास्त जाणवतो. इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत मेनूचा चौथा पर्याय ऐकू येणे अवघड. अशा ठिकाणी पडद्यावर दिसणारा मेनू खरा कामाचा. यात फोन करणाऱ्याला एसएमएसने दुवा येतो किंवा ॲप उघडते आणि सगळे पर्याय एकदम वाचता येतात. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी ही चैन नसून गरज आहे. दृष्टिहीनांची अडचण नेमकी उलटी असते. अँड्रॉइडवरची टॉकबॅक किंवा आयफोनवरची व्हॉइसओव्हर ही सोय पडद्यावरची कळ वाचून दाखवते तेव्हाच मेनूही बोलत असतो आणि दोन आवाज एकमेकांवर चढतात. त्यांच्यासाठी आधी साठवलेली वाटच सर्वांत सोयीची.

सोपी वाट शोधताना फसवणुकीचा धोका असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्याचा असू शकतो. नंबर बिलावरून, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

फोननेच मेनू हाताळावा, या दिशेने अलीकडे काम झाले आहे. गुगलने 2020 मध्ये पिक्सेल फोनवर ताटकळत थांबण्याचे काम फोनकडे देणारी सोय आणली. 2021 मध्ये पिक्सेल 6 सोबत मेनूचे बोलणे ऐकून पर्याय पडद्यावर उमटवणारी सोयही आली. दोन्हींची सुरुवात अमेरिकेत, इंग्रजीतून झाली. ॲपलनेही 2025 मध्ये आयओएस 26 मध्ये होल्डवर थांबणारी सोय दिली. भारतीय भाषांतील वाक् तंत्रज्ञानासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये भाषिणी हा उपक्रम सुरू केला. आकडे न दाबता बोलून तक्रार देता यावी, ही त्यातून निघणारी मोठी शक्यता. पण मेनू ‘वीजपुरवठा खंडित’ म्हणतो आणि गडहिंग्लजचा शेतकरी ‘डीपी जळालाय, एकच फेज हाय’ म्हणतो. यंत्राला हे दुसरे वाक्य कळेपर्यंत, बोलण्याच्या मेनूतही कळ दाबण्याचा आणि माणसाशी बोलण्याचा पर्याय राहायलाच हवा.