रक्तस्रावी अन्ननलिका-शिरांच्या तातडीच्या दुर्बीण उपचारातील गुंगी

लिव्हर सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचे खराब होऊन घट्ट झाले की, यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. त्यातली एखादी फुटली की रक्ताच्या उलट्या आणि डांबरासारखी शौच होते. अशा रुग्णाला रक्तदाब सावरून शक्यतो १२ तासांच्या आत दुर्बीण घालतात आणि फुटलेल्या शिरेवर रबरी कडी बसवतात. जठरातल्या शिरांत ग्लू, म्हणजे रक्तात घट्ट होणारा वैद्यकीय गोंद, भरतात. हे करताना त्याला किती गुंगी द्यायची, हा या नोंदीचा विषय.

नातेवाईक सगळ्यालाच ‘भूल’ म्हणतात. वैद्यकात मात्र हाक मारली की ओ देणारी हलकी गुंगी आणि श्वासनलिकेत नळी घालून दिलेली पूर्ण भूल यांत मोठे अंतर आहे. एरवीच्या दुर्बिणीला पोट रिकामे असते. इथे ते रक्ताने आणि गुठळ्यांनी भरलेले असते. डाव्या कुशीवर झोपवलेला माणूस, दातांत प्लास्टिकचे कडे, पडद्यावर नुसते लाल. अशात उलटी आली आणि खोकण्याइतकी शुद्ध नसेल, तर रक्त थेट फुप्फुसात जाते. म्हणून धोका सर्वांत जास्त मधल्या अवस्थेत असतो: पुरता जागा नाही आणि श्वासमार्गात नळीही नाही.

दुसरी अडचण यकृताचीच. आतड्यातल्या रक्तापासून अमोनिया तयार होतो. आजारी यकृत तो काढून टाकू शकत नाही, तो मेंदूला बाधतो आणि रुग्ण आधीच बरळत किंवा पेंगत असू शकतो. हात पुढे करायला सांगितले तर पंजे पंख फडफडल्यासारखे हलतात. मिडाझोलाम हे गुंगीचे औषध यकृतातच निकामी व्हायचे असल्याने नेहमीचा डोसही तासन्‌तास अंगात राहतो. प्रोपोफॉल हे दुसरे औषध लवकर उतरते, पण रक्तदाब पाडते, आणि रक्त गेलेल्या माणसाचा दाब आधीच तळाला असतो. याउलट रोज पिणाऱ्याला थोड्या औषधाने गुंगी येत नाही. कधी तो उलट खवळतो. डोस वाढवत जाण्याचा मोह तिथेच आवरावा लागतो.

शुद्ध हरपलेली असेल किंवा रक्ताच्या उलट्या चालूच असतील, तर आधी नळी घालून श्वासमार्ग सुरक्षित करतात, मग दुर्बीण. या शिरांच्या उपचाराचे निकष ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या २०२१च्या बावेनो परिषदेची शिफारसही हीच आहे. काम झाल्यावर नळी लवकरात लवकर काढायची असते. शुद्धीतल्या, स्थिर रुग्णाला अत्यल्प गुंगी पुरते. ती देणारा आणि दुर्बीण धरणारा मात्र एकच माणूस नसावा.

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न अंतराशी बांधलेला आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय काढल्यापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते. १९६२पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण जत-आटपाडीकडून निघालेल्याचा बराच वेळ रस्त्यातच जातो. वाटेत ‘शांत झोपलाय’ असे सोबतच्यांना वाटते, तेव्हा बहुधा तो शुद्ध हरपत असतो. पाठवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीत निघतानाची शुद्ध, वेळ आणि दिलेले झोपेचे इंजेक्शन लिहिले, तर भूलतज्ज्ञाचे निम्मे काम होते. दारातच ‘काही कळू देऊ नका त्याला’ म्हणणाऱ्या घरच्यांना संमतीपत्रावर सही घेताना गुंगी मोजूनच का द्यावी लागते हे समजावणे हा उपचाराचाच भाग मानावा.

दुसऱ्या दिवशीही रुग्ण पेंगत असेल तर दोष औषधाचा की अमोनियाचा, हे पाहावे लागते. फ्लुमाझेनिल या उताऱ्याच्या औषधाने मिडाझोलामची गुंगी उतरते, पण त्याचा असर आधी संपतो आणि रुग्ण पुन्हा पेंगू लागतो. दारू सुटत असलेल्याला त्याने झटकेही येऊ शकतात. अमोनियासाठी लॅक्टुलोज हे रेचक देऊन पोट साफ ठेवतात.