चिलापी (मोझांबिक तिलापिया)

आग्नेय आफ्रिकेतील झांबेझी, लिंपोपो या नद्यांच्या सखल खोऱ्यांतला मासा. शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोसांबिकस. मत्स्यशेतीसाठी तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आज कोकणातील तळी, धरणे, व्हाळ (ओढे) आणि खाडीकाठची खाजणे (भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनी) यांत चिलापी आढळते.

प्रजनन : विणीच्या काळात नराचे अंग काळे पडते, गळा पांढरा होतो, पाठीच्या व शेपटीच्या परांच्या कडा तांबड्या दिसतात. उथळ पाण्यात तो तोंडाने गाळ उपसून बशीसारखा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. पिवळसर अंडी ३ ते ५ दिवसांत फुटतात. पिल्ले दोनेक आठवडे आईच्या तोंडातच राहतात. तिचा खालचा जबडा फुगलेला दिसतो आणि ती जवळजवळ काहीच खात नाही. बाहेर सोडलेली पिल्लेही चाहूल लागताच पुन्हा तिच्या तोंडात शिरतात. एका खेपेस अंडी काही शेच असतात, पण त्यांतली बहुतेक जगतात. सगळी ताकद आहे ती इथे.

कोकणातले कितीतरी देशी मासे पहिल्या पावसाची वाट पाहतात. वळगण लागली, म्हणजे पहिल्या पुराचे पाणी आले, की प्रवाहाविरुद्ध चढणीला निघतात आणि वर्षातून एकदाच वितात. चिलापीला पाऊस लागत नाही. पाणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर असले की पुरे, आणि इथल्या तळ्यांचे पाणी थंडीतही सहसा त्याखाली उतरत नाही. त्यामुळे वीण वर्षभर चालते आणि पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या तळ्यातून पिल्ले व्हाळात, शेतात जातात.

वाढ : मोकळ्या पाण्यात मासा ३५ सेंमी.च्या पुढे जातो. दाटीच्या तळ्यात मात्र दोन-तीन महिन्यांतच, बोटभर असताना वयात येतो आणि तिथेच खुंटतो. मादी अधिक खुंटते, कारण तिचे अन्न अंड्यांत जाते आणि उरलेले दिवस उपासात. मोठे मासे पकडून संख्या कमी होत नाही, उलट मागे राहिलेल्या बारक्यांना अन्न आणि जागा मिळते.

नियंत्रण : जिताडा, मरळ हे शिकारी मासे पिल्ले खातात. उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून तळ वाळू देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. खाडीत तो लागू पडत नाही. ही जात खाऱ्या पाण्यातही जगते आणि विते.