मूठ उरली, डबा गेला

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयात कांशाची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची, एक मूठ आहे. ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉन या योद्ध्याला निद्रा आणि मृत्यू या देवता उचलून नेताहेत, आणि त्याचा आडवा देह हीच हाताने धरायची जागा! प्राचीन इटलीतल्या इट्रुस्कन लोकांच्या कारागिरांनी इ.स.पू. 400 ते 380च्या सुमारास ती एका डब्याच्या झाकणासाठी ओतली. डबा मात्र उरलेला नाही. संग्रहालयांत अशा नुसत्या मुठी पुष्कळ दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तोडून विकल्या असणार. काही विकल्या गेल्याही, पण खरं कारण बहुतेक वेळा धातूतच असतं.

भांड्याचा पत्रा ठोकून काढत. तांब्यात साधारण दहा टक्के कथील. ठोकून कडक झालं की तापवून पुन्हा मऊ करायचं. यात शिसं चालत नाही. ते घट्ट झालेल्या तांब्यात विरघळत नाही, बारीक गोळ्यांसारखं वेगळं राहतं आणि घाव बसला की तिथूनच चीर जाते.

ओतकामात हेच शिसं कामाला येतं. मेणाची आकृती करून तिच्यावर मातीचा साचा लिंपायचा, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत रस ओतायचा. शुद्ध तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, दहा टक्के कथिलाने हा आकडा हजाराच्या आसपास येतो. पण हा रस एकदम गोठत नाही. आधी तांब्याचं प्रमाण जास्त असलेले, फांद्या फुटलेले स्फटिक तयार होतात. उरलेल्या द्रवात कथील वाढत जातं, तसा तो आणखी कमी तापमानाला गोठतो. शिसं तर 327 अंशांपर्यंत द्रवच असतं, ते फांद्यांमधल्या फटींत शिरतं. शिशाने रस साच्यात सहज पसरतो, त्यामुळे केसांच्या बटा, बोटं स्पष्ट उमटतात.

अशी भरीव मूठ पत्र्याला रिव्हेटने किंवा शिसं-कथिलाच्या डाखाने जोडत. ओल्या मातीत डाख आणि कांसं यांचा विद्युतघट बनतो. त्यात डाख झिजतो, कांसं तगतं. सांधा सुटतो. पातळ पत्रा दोन्ही बाजूंनी पोखरला जातो, मुठीची मात्र वरची साल तेवढी जाते.

त्या सालीच्या जागी आलेला हिरवा थर म्हणजे प्राचीनतेचा पुरावा, असं सांगून वस्तू खपवल्या जातात. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. आम्लं आणि क्षार लावून तो रंग काही दिवसांत आणता येतो.

इटलीतल्या पॅलेस्ट्रीनाजवळ 1738मध्ये मिळालेला, फिकोरोनी नावाने ओळखला जाणारा असाच एक डबा मात्र मुठीसकट टिकला. आज तो रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. मुठीवर मद्याचा ग्रीक देव डायोनिसस आणि त्याचे सोबती असलेले दोन सॅटर, म्हणजे अर्धे माणूस-अर्धे पशू असलेले वनदेव, उभे आहेत. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर जुन्या लॅटिनमध्ये कोरलंय: दिंदिया माकोल्नियाने लेकीला दिला, नोव्हिओस प्लाउतिओसने मला रोममध्ये घडवलं.