माल की जीव? ब्रिटनमधील जनावरांच्या निर्यातबंदीची पार्श्वभूमी

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून कत्तलीसाठी किंवा पोसून वजन वाढवण्यासाठी जिवंत जनावरे परदेशी पाठवण्यावर २०२४ साली कायद्याने बंदी आली. २० मे रोजी राजाची मंजुरी मिळाली, २२ जुलैपासून अंमल सुरू झाला. खरे तर तोवर बंद करण्यासारखे काही उरलेच नव्हते. ब्रेक्झिटनंतर युरोपच्या किनाऱ्यावर अशा जनावरांच्या तपासणीची सोय नसल्याने हा व्यापार २०२० अखेरपासूनच थांबला होता. मग ज्या काळात जहाजे भरभरून जात होती, तेव्हा हा कायदा का झाला नाही?

प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध कायदा करणाऱ्या पहिल्या देशांत ब्रिटनची गणना होते. आयर्लंडमधल्या गॉलवेचे खासदार रिचर्ड मार्टिन यांच्या खटपटीने १८२२ मध्ये गुराढोरांना, घोड्यांना, मेंढ्यांना मारहाण करणे हा गुन्हा ठरला. पण यादीत वळूचे नाव नव्हते आणि न्यायालयांनी वळू त्यात बसत नाही असे ठरवले. वळूवर कुत्रे सोडण्याचा खेळ त्यामुळे चालूच राहिला, तो १८३५ च्या कायद्याने थांबला. त्याआधी १८२४ मध्ये, कायदा कागदावरच राहू नये म्हणून, लंडनच्या एका कॉफीगृहात एक संस्था स्थापन झाली होती. तीच आजची आरएसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरचे क्रौर्य रोखण्यासाठी झटणारी ब्रिटिश संस्था.

त्यानंतरचे शतकभर कायदे येत गेले, पण ते बहुतेक क्रौर्य घडून गेल्यावर शिक्षा देणारे. पाळणाऱ्यावर जनावराच्या गरजा भागवण्याची जबाबदारीच टाकणारा सर्वसाधारण कायदा २००६ मध्ये आला. त्याचे बीज १९६० च्या दशकातले. ब्रिटिश लेखिका रूथ हॅरिसन यांनी जनावरे दाटीवाटीने कोंडून वाढवणाऱ्या कारखानी पशुपालनाचे चित्र लोकांपुढे मांडले, सरकारने ब्रँबेल समिती नेमली आणि १९६५ च्या तिच्या अहवालाने सांगितले की जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. एवढी साधी गोष्ट सांगायला सरकारी समिती लागली!

निर्यातीचा प्रश्न मात्र या वाटेने सुटणारा नव्हता. १९५७ मध्ये बाल्फोर समितीच्या शिफारशीवरून घेणाऱ्या देशांकडून जनावरांच्या वागणुकीविषयी काही हमी घेण्यात आल्या. १९७३ मध्ये संसदेने व्यापार स्थगित केला, १९७५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. दरम्यान ब्रिटन युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, शिरले होते आणि समुदायाच्या मूळ करारात जनावर म्हणजे शेतमाल. माल सीमेवर अडवता येत नाही. त्यात घरचाच एक जुना कायदा भर घालत होता: शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाच्या मालासाठी बंदर खुले ठेवावे, असे १८४७ चा बंदरविषयक कायदा सांगतो.

यातला विरोधाभास वासरांच्या बाबतीत उघडा पडला. वळताही येणार नाही अशा अरुंद कप्प्यात वासरे वाढवण्यावर ब्रिटनने १९९० मध्ये बंदी घातली. पण तीच वासरे जहाजात चढवून फ्रान्स आणि हॉलंडच्या तशाच कप्प्यांत पाठवणे कायदेशीर होते. लोकांचा संताप इतका वाढला की १९९४ मध्ये मोठ्या फेरीबोट कंपन्यांनी ही वाहतूक सोडली. व्यापारी शोरॅम आणि ब्राइटलिंगसीसारख्या छोट्या बंदरांकडे आणि कॉव्हेंट्रीच्या विमानतळाकडे वळले. ब्राइटलिंगसीत १९९५ मध्ये जवळजवळ दहा महिने लोक रस्त्यावर होते. त्यांत नेहमीचे आंदोलक होतेच, पण पेन्शनर आणि लेकरांना घेऊन आलेल्या आयाही होत्या. १ फेब्रुवारी १९९५ रोजी कॉव्हेंट्रीत वासरे नेणाऱ्या ट्रकखाली सापडून जिल फिप्स ही आंदोलक तरुणी मरण पावली. तरीही बंदी येऊ शकली नाही. पुढे २०१२ मध्ये रॅम्सगेट बंदरात निर्यातीसाठी आणलेल्या चाळीसहून अधिक मेंढ्या दगावल्या. तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, निर्यात थांबवली, तर न्यायालयाने ती बंदीच बेकायदा ठरवली. एव्हाना युरोपच्या करारांनी जनावरांना संवेदनशील जीव म्हटले होते, पण व्यापाराच्या नियमात ती मालच राहिली.

युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा अडसर गेला. जून २०२१ मध्ये सरकारने पाळीव प्राण्यांविषयीचे मोठे विधेयक आणले. निर्यातबंदी, पिल्लांची चोरटी आयात, घरात माकडे पाळणे, मेंढ्यांच्या मागे लागणारे कुत्रे अशी सगळी मोट त्यात बांधली होती. दोन वर्षे ते रेंगाळले. मे २०२३ मध्ये मंत्री मार्क स्पेन्सर यांनी, मूळ आश्वासनांपलीकडे ते फार ताणले जाण्याचा धोका आहे, असे सांगून ते मागे घेतले. मोट सुटली आणि विषय एकेक करून मार्गी लागू लागले: निर्यातबंदीचा स्वतंत्र कायदा, कुत्र्या-मांजरांच्या चोरीविरुद्ध एका खासदाराचे खासगी विधेयक, माकडांसाठी परवान्याचे नियम.

उत्तर आयर्लंड या बंदीबाहेर आहे, कारण तिथे शेतमालाला अजून युरोपचेच नियम लागू होतात. पैदाशीसाठी किंवा स्पर्धेसाठी जनावरे नेता येतात. आणि कायद्यातल्या यादीत गुरे, मेंढ्या, शेळ्या, डुकरे, रानडुकरे, घोडे आहेत. कोंबड्या नाहीत.