नरक्या

(अमृता, लॅ. नोथापोडायटिस निमोनियाना, कुल-आयकॅसिनेसी). सह्याद्रीतील सदाहरित व निमसदाहरित जंगलांत वाढणारा लहान वृक्ष. महाराष्ट्रात महाबळेश्वर, कोयना व आंबोली भागांत तो आढळतो; श्रीलंका व ईशान्य भारतातही त्याची नोंद आहे. फुले पिवळसर पांढरी व दुर्गंधी. फळ एकबीजी, पिकल्यावर गडद जांभळे.

नावाचा घोळ जुना आहे. औषधिविज्ञानाच्या बऱ्याच लेखनात ‘मॅपिया फीटिडा’ व ‘नोथापोडायटिस फीटिडा’ ही नावे अजून चालतात. मॅपिया प्रजाती आता अमेरिका खंडातील वनस्पतींपुरतीच धरली जाते. जॉन ग्रॅहॅम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या १८३९ मधील सूचीत ‘निमोनियाना’ हे जातिनाम येते. ते आधीचे असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ मॅबर्ली यांनी ‘नोथापोडायटिस निमोनियाना’ असा केलेला नामबदल ग्राह्य मानणे युक्त. जुने शोधनिबंध चाळताना तिन्ही नावे शोधावी लागतात.

वृक्षाचे महत्त्व कॅम्पटोथेसिन या कर्करोगविरोधी अल्कलॉइडामुळे (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त संयुगामुळे) आहे. ते प्रथम वॉल व वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मूळच्या चिनी कॅम्पटोथेका वृक्षातून वेगळे केले. नरक्यातील अस्तित्व गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखविले. प्रमाण झाडाचा भाग, वय व स्थळ यांनुसार बरेच बदलते.

कॅम्पटोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या, डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला (एन्झाइमाला) डीएनएवर अडकवून ठेवते. विकराने पाडलेली एकपदरी चीर सांधली जात नाही, डीएनएचे प्रतिकृतीकरण तिच्यावर येऊन आदळते आणि पेशी मरते. पाण्यात विरघळावे म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला. त्यात रेणूचा परिणामकारक भाग असलेले लॅक्टोन वलय उघडलेले असल्याने गुण कमी आला, मूत्राशयाला मात्र इजा झाली. पुढे टोपोटेकान व इरिनोटेकान ही अर्धसंश्लेषित औषधे आली. पहिले मुख्यतः बीजांडकोशाच्या व लघुपेशी फुप्फुसाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात.

अर्काच्या ऑक्सिडीकरणरोधी चाचण्याही झाल्या आहेत. डीपीपीएच या रंगबदलाच्या चाचणीत ऑक्सिडीकरणरोधी घटकांमुळे जांभळा द्राव पिवळा पडतो. ही क्रिया प्रामुख्याने फिनॉलिक घटकांची असावी. तिचा कर्कपेशी मारण्याच्या वरील यंत्रणेशी संबंध जोडण्याचा कल अनेक निबंधांत दिसतो. तो टिकणारा नाही. ऑक्सिडीकरणरोधी घटक इजा टाळतात, तर कॅम्पटोथेसिनाला डीएनए तोडूनच काम साधायचे असते. परीक्षानळीत कर्कपेशी मारणारा अर्क निरोगी पेशींनाही सोडेलच असे नाही, म्हणून नरक्याचा काढा घरगुती औषध समजू नये.

मागणीमुळे सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा भागांत तोड झाली. खोडाचे तुकडे करून माल बाहेर जात असे. मूळ खणले की झाड संपते. झाडातील अंतर्वासी बुरशीपासून कॅम्पटोथेसिन मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु अशा बुरशींचे उत्पादन प्रयोगशाळेत त्या पुन्हापुन्हा वाढविताना दर पिढीगणिक घटते.