कट्ट वाजलं तर मीठ

आमचे आप्पा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उकळत्या पॅनमधून नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कसा बसलाय ते सांगायचं. विश्रामबागेतल्या आमच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवते तेव्हा त्यांची हमखास आठवण होते. पण आपल्या पट्टीवर साखरच आहे, हे आप्पांना पक्कं ठाऊक असायचं. माझं काम तिथूनच अडतं: समोर चकाकतोय तो स्फटिक नेमका कशाचा?

प्रथिनाचा अणू न् अणू कुठे बसलाय ते पाहायला त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडतात आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून रचना काढतात. असा स्फटिक मिळवायला प्रथिनाच्या द्रावणाचा एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब घेतात, त्यात क्षार किंवा तसलाच दुसरा पदार्थ मिसळतात आणि बंद जागेत थेंबातलं पाणी हळूहळू कमी होऊ देतात. थेंब आटत गेला की काहीतरी बाहेर पडतंच, आणि ते प्रथिनच असेल असं नाही. द्रावणात फॉस्फेट असेल आणि कुठून तरी कॅल्शियम आलं, तर दोघं मिळून सुरेख स्फटिक धरतात. माझा पहिला स्फटिक तसलाच होता. तीन आठवडे मी तो रोज पाहत होते. कडा धारदार, काचेसारखा स्वच्छ. तो कॅल्शियम फॉस्फेट निघाला त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

असल्या सगळ्या क्षारांना आम्ही सरसकट मीठच म्हणतो. मीठ आणि प्रथिन यांच्या स्फटिकांतला खरा फरक पाण्याचा. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, मध्ये फट राहत नाही. प्रथिनाचे रेणू अवाढव्य आणि ओबडधोबड. ते रचले की मध्ये बोळ राहतात आणि त्यांत पाणी भरतं. प्रथिनाच्या स्फटिकाचा साधारण निम्मा भाग द्रवच असतो. १९३४ साली केंब्रिजमध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफुट (पुढच्या डोरोथी हॉजकिन) या शास्त्रज्ञांनी पेप्सिन या पोटातल्या पाचक प्रथिनाचे स्फटिक त्यांच्याच द्रवात ओले ठेवले, तेव्हा कुठे क्ष-किरणांचे स्वच्छ ठिपके उमटले. वाळलेल्या स्फटिकाची आतली रचनाच ढासळते.

हे पाणी लक्षात ठेवलं की बाकीच्या चाचण्या आपोआप कळतात. बारीक सुईनं स्फटिक दाबा. मिठाचा असेल तर खडीसाखरेसारखा कट्ट करून तुटतो, हाताला ते जाणवतं. प्रथिनाचा खरवसासारखा गुपचूप चुरतो. किंवा थेंबात मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडा. रंगाचे छोटे रेणू त्या बोळांतून आत शिरतात आणि प्रथिनाचा स्फटिक भोवतालच्या द्रवापेक्षा गडद निळा होतो. मिठाला आत शिरायला वाटच नाही. फक्त, क्षार फार असला तर रंगाच्याच निळ्या सुया तयार होतात, त्यांना भुलू नये. दोन्ही चाचण्यांत स्फटिक गमवावा लागतो, म्हणून एकुलता एक असेल तर मी त्याला हात लावत नाही.

पोलरॉइडच्या दोन आडव्या-उभ्या चकत्यांमध्ये धरलं की मीठ रंगीबेरंगी झळकतं आणि प्रथिन मंद उजळतं, असं शिकवतात. यावर मी विसंबत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचे स्फटिक करायला देतो, त्यात साधं मीठच वापरतो. थेंब सुकला तर त्या मिठाचे चौकोनी ठोकळे येतात आणि ते चकत्यांमध्ये काळेच राहतात. मंद उजळतं ते लायसोझाइम!

शेवटचा निवाडा क्ष-किरणांचा. साध्या मिठाच्या रचनेतला पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा ५.६४ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणून ठिपके मोजके आणि लांब लांब. लायसोझाइमचा नेहमीचा ठोकळा सुमारे ७९, ७९ आणि ३८ अँगस्ट्रॉमचा. त्याचे ठिपके दाटीवाटीनं येतात.

आता प्रत्येक ओळीतला पहिला थेंब मी प्रथिनाशिवाय लावते. बाकी सगळं तेच आणि तेवढंच. स्फटिक दिसल्याची हाक आली की आधी तो थेंब पाहायचा. त्यातही तसाच स्फटिक वाढलेला असेल, तर सुई डबीतच राहते.